बर्लिनहून लाइपझिगला बिऱ्हाड हलवताना

प्रश्न : मी बर्लिनमध्ये नोकरी करते. कंपनी तीच, पण आता लाइपझिगच्या शाखेत बदली झाली आहे. नवरा आणि मुलगीही सोबत येणार. कागदपत्रांची सुरुवात कुठून करू?

उत्तर : जुन्या घराच्या नोटिशीपासून. पत्र महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत घरमालकाच्या हातात पडायला हवं. मार्चमध्ये ते वेळेत पोचलं तर घर मेअखेर सुटतं. एक दिवस उशीर झाला की जूनचं भाडंही बोकांडी बसतं. ईमेल चालत नाही. कागदावर शाईची सही हवी, करारात दोघांची नावं असतील तर दोघांची.

नव्या घरात राहायला गेल्यापासून १४ दिवसांत तिथल्या नागरिक कार्यालयात पत्ता नोंदवा. बर्लिनची नोंद वेगळी रद्द करावी लागत नाही. बरेच जण अडतात ते एकाच कागदापायी: भाडेकरार पुरत नाही, तुम्ही राहायला आल्याचा घरमालकाच्या सहीचा दाखला लागतो. किल्ल्या घेतानाच तो मागून घ्या. तिघांचे पासपोर्ट आणि रेसिडेन्स कार्डं न्या. कार्डावरचा पत्ताही बदलावा लागतो.

जर्मनीत राहण्याच्या परवान्याची मुदत संपत आली असेल तर नूतनीकरण आता लाइपझिगच्या परदेशी नागरिक विभागाकडे. फाइल बर्लिनहून यावी लागते, त्यामुळे अर्ज लवकर करा.

अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी (हीटिंग, पाणी वगैरे खर्च सोडून) असते आणि तीन हप्त्यांत देता येते. जुनी मात्र लगेच परत मिळत नाही, म्हणून काही महिने दोन्हीकडे पैसे अडकतील हे धरून चाला. आणि हो, घर बघताना ओटा-सिंक आहे का ते विचारा. अनेक घरांत स्वयंपाकघराच्या नावाने नुसत्या भिंती असतात.