एकाच वस्तूची अनेक नावं असतील किंवा ती दोन विभागांत बसत असेल, तर मालाची वर्गवारी कशी करावी?

किराण्याच्या ॲपमध्ये भगर आणि वरई वेगळ्या ठेवायच्या का, आणि खोबरेल खाद्यतेलात टाकायचं की केसांच्या तेलात, असं तुम्ही विचारलंय. मी कॅटलॉगचंच काम करतो, म्हणून सविस्तर सांगतो.

आधी वस्तू आणि तिचं नाव वेगळं करा. वस्तूला एक कोड द्या, नावं त्या कोडला जोडा. डब्ल्यूथ्रीसी, म्हणजे वेबची मानकं ठरवणारी संस्था; तिचं शब्दसूची आणि वर्गवारीसाठीचं २००९ सालचं 'स्कॉस' मानक हेच सांगतं: एका भाषेत मुख्य नाव एकच, बाकीची पर्यायी, आणि चुकीची स्पेलिंगं छुपी, म्हणजे शोधात चालतील पण स्क्रीनवर दिसणार नाहीत. जवस आणि अळशी, कारळे आणि खुरासणी हे बिनधास्त एका कोडखाली घ्या. भगर, वरई, वरीचे तांदूळ हेही. हिंदीतला 'समा' मात्र घाईने त्यात मिसळू नका, तो बहुधा सावा असतो, म्हणजे वेगळं धान्य. शोधात दोन्ही दाखवा, कोड वेगळे ठेवा. 'धनिया' टाइप केलं तर धणेही दिसू देत आणि कोथिंबीरही, गिऱ्हाईक निवडेल.

खोबरेलाचा वाद तर कराच्या वर्गीकरणावरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने सांगितलं की बाटली लहान आहे एवढ्यावरून शुद्ध खोबरेल केसांचं तेल ठरत नाही, लेबल आणि पॅकिंगही तसं असावं लागतं. तुम्हीही लेबल बघूनच मूळ विभाग ठरवा. स्टॉक, किंमत, कर सगळं तिथल्या एकाच नोंदीवर. दुसऱ्या विभागात नुसती लिंक. दोन नोंदी केल्यात तर एकीकडे माल संपलेला आणि दुसरीकडे शिल्लक दिसणार, हे ठरलेलंच.

'उपवास' हा विभाग करूच नका, असं माझं ठाम मत आहे. साबुदाणा, राजगिरा, शेंगदाणे, रताळी यांचे मूळ विभाग वेगवेगळे आहेत; उपवास हा त्यांचा वापर आहे, म्हणून तो टॅग. तोही जपून लावा, कारण कोथिंबीर काही घरांत उपवासाला चालते, काहींत नाही.

ज्या शब्दांना शोधात काहीच सापडत नाही, त्यांची यादी दर आठवड्याला काढा आणि काउंटरवर बसणाऱ्या माणसाला दाखवा. कुठला शब्द कुठल्या मालासाठी येतो, हे त्याला लगेच कळतं.