सुया चालतील, काळ्या गोळ्या नकोत

प्रश्न : माझे वय ६१. दोन्ही गुडघे दुखतात, डावा जास्त. जिना उतरताना कठडा धरावा लागतो, मांडी घालून बसणे तर सुटलेच. एक्स-रेत झीज निघाली आहे. पेनकिलरने पित्त खवळते. जावई सिंगापूरला असतात, त्यांनी तिथून सांधेदुखीच्या चिनी काळ्या गोळ्या आणल्या. दोन महिने घेते आहे आणि गुडघे खरोखर हलके झालेत. आता पुतणी म्हणते, अ‍ॅक्युपंक्चरही करून घे. माझ्या हृदयाचे ठोके अनियमित आहेत, त्यासाठी रक्त पातळ करणारी वॉरफेरिनची गोळी चालू आहे. सुया टोचून घेऊ का? आणि या गोळ्या अजून किती दिवस घ्यायच्या?
— एक वाचक भगिनी, बार्शी

उत्तर : ताई, तुम्ही सुयांचे आधी विचारलेत, पण मला काळजी गोळ्यांची वाटते. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

झिजलेला गुडघा दोन महिन्यांत इतका हलका झाला की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, त्या गोळीत आहे तरी काय? सांधेदुखीच्या अशा तयार गोळ्यांमध्ये डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉइड किंवा फेनिलब्युटाझोनसारखे वेदनाशामक गुपचूप मिसळलेले तपासण्यांत सापडलेले आहे. डबीवर नाव मात्र फक्त मुळ्यांचे. आणि मुळ्या अस्सल असल्या तरी निर्धास्त राहता येत नाही. सांधेदुखीच्या चिनी नुसख्यांत चुआनवू आणि त्साओवू वापरतात, ती आपल्या विषारी बचनागाच्या कुळातली मुळे. त्यांची शुद्धी नीट झाली नाही तर ओठ-जीभ बधिर होते आणि हृदयाचे ठोके बिघडतात. तुमचे तर आधीच बिघडलेले आहेत. दांगग्वी नावाची आणखी एक मुळी वॉरफेरिनबरोबर पोटात गेली तर रक्त प्रमाणाबाहेर पातळ होऊ शकते. बेल्जियममध्ये १९९०च्या दशकात जे घडले ते मी प्रत्येक रुग्णाला सांगते. वजन उतरवण्याच्या औषधात फांगजी नावाच्या मुळीच्या जागी भलतीच मुळी गेली आणि तिच्यातल्या अ‍ॅरिस्टोलोकिक आम्लाने शंभरावर बायकांची मूत्रपिंडे खराब झाली. ही फांगजी सांधेदुखीवरही देतात.

पण म्हणून उद्या सकाळपासून स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करू नका. आत स्टेरॉइड असेल तर दोन महिन्यांनंतर ते एकदम थांबवणेही घातक असते. डबी आणि वॉरफेरिनची चिठ्ठी दोन्ही घेऊन, शक्यतो उद्याच, तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांकडे जा. आयएनआर (रक्त किती पातळ झाले ते दाखवणारी तपासणी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडांची तपासणी), साखर, पोटॅशियम आणि रक्तदाब पाहून गोळ्या कशा थांबवायच्या ते तेच ठरवतील. तोवर हिरड्यांतून रक्त येणे, काळी शौच, अंगावर निळे डाग यांतले काही दिसले तर उद्याचीही वाट पाहू नका. जावईबापूंनी प्रेमाने आणले हे मला समजते, पण नवी डबी मागवू नका.

आता सुया. मी सोलापूरची, त्यामुळे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १९३८ साली आमचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्यातच डॉ. बिजयकुमार बसू होते. कोटणीस १९४२ मध्ये तिकडेच वारले. बसू परत आले, पन्नासच्या दशकात पुन्हा चीनला गेले, अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि ती विद्या त्यांनी कोलकात्यात आणली. मी स्वतः एमबीबीएसनंतर ती शिकले आणि रोज वापरते. म्हणूनच तिची मर्यादाही मीच सांगायला हवी. झिजलेली कूर्चा, म्हणजे सांध्यातली गादी, सुईने भरून येत नाही. येते म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

वेदना मात्र कमी होऊ शकते. जर्मनीत जुनाट कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर झालेली मोठी चाचणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. शास्त्रोक्त बिंदूंवर सुया घेतलेल्यांपैकी ४७.६ टक्के लोकांना सहा महिन्यांनी चांगला आराम होता. मुद्दाम भलत्याच जागी, वरवर सुया टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्के. नेहमीच्या औषध-व्यायामावर २७.४ टक्के. मी याचा अर्थ असा लावते की सुयांनी आराम पडतो हे खरे, पण नेमक्या बिंदूचे माहात्म्य आम्ही मानतो तेवढे नसावे. गुडघ्याच्या झिजेबद्दल तर मोठ्या संस्थांतच एकमत नाही. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये सावध होकार दिला. इंग्लंडच्या नाइस संस्थेने २०२२ मध्ये, या दुखण्यावर सुया देऊ नका, असे स्पष्ट सांगितले.

तरीही तुमच्यासारख्या, पेनकिलर न सोसणाऱ्या बाईला मी एक संधी द्यायला सांगेन. आयएनआर आटोक्यात आल्यावर, आठवड्यातून दोनदा, सहा ते आठ बैठका. वाटीच्या खालचे दोन्ही खळगे आणि तिथून चार बोटे खाली, नडगीच्या बाहेरच्या अंगाला त्सूसानली हा बिंदू, एवढ्यावर पुष्कळ काम होते. सुई पाव मिलिमीटर जाडीची असते. आत गेल्यावर जडपणा किंवा झिणझिण्या जाणवतात. वॉरफेरिन चालू आहे हे पहिल्याच दिवशी सांगा. सुया खोल नकोत, तुंबड्या तर मुळीच लावून घेऊ नका. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरचा स्वतंत्र कायदा आणि परिषद आहे, तेव्हा नोंदणी क्रमांक विचारायला संकोच कसला? सुयांचे पाकीट तुमच्यासमोर फोडले पाहिजे.

आराम पडला की त्याच दिवसांत मांडीचे स्नायू कमवा. पाय सरळ ठेवून मांडी आवळून धरायची, खुर्चीतून हात न टेकता उठायचे, रोज. माझ्या मते सुयांचा खरा उपयोग हाच, की दुखत नसताना तुम्ही व्यायाम करू शकता. आठ बैठकांनंतरही जिना तसाच कठीण वाटला तर पैसे घालवू नका, थांबा. आणि गुडघा गरम, लाल झाला किंवा बोटांचे सांधेही सुजून सकाळी तासाहून जास्त आखडू लागले, तर सुयांच्या आधी आमवाताची तपासणी हवी.

प्रश्न : शिवणकाम करतो, वय ४९, मधुमेह आहे. उजवा खांदा आखडला, हात वर जात नाही. फिजिओथेरपिस्ट ड्राय नीडलिंग करू म्हणतात. हे अ‍ॅक्युपंक्चरच ना?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : सुई तीच, विचार वेगळा. ते स्नायूतली दुखरी गाठ शोधून तिथेच टोचतात, चिनी नाड्यांचा विचार त्यात नसतो. मधुमेहात खांदा आखडणे नेहमीचे आहे, म्हणून आधी एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, तपासा. साखर वाढलेली असताना टोचलेल्या जागी जंतुसंसर्गाची भीती जास्त. मानेजवळच्या, खांद्यावरच्या स्नायूखाली फुप्फुसाचे टोक असते, त्यामुळे तिथे सुई शिकलेल्या हातानेच, उथळ टोचावी. टोचल्यावर त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दम लागला, छातीत कळ आली तर गॅस समजून घरी बसू नका. दवाखान्यात जा, सुई टोचल्याचे सांगा आणि छातीचा एक्स-रे काढून घ्या.