प्रसादातलं केळं

प्रिय सई,

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, सत्यनारायणाच्या शिऱ्यात केळं घालायलाच हवं का? मला नाही आवडत. आजी म्हणते पोथीत आहे तसंच करायचं. पण मनात भाव असला की देवाला चालत नाही का?" मस्कतला आज शुक्रवारची सुट्टी, म्हणून सावकाश लिहितोय.

आजीचं बरोबर आहे. पण पोथीही तशी हटवादी नाही हं. केळी, तूप, दूध, गव्हाचा रवा, सगळं सव्वाच्या मापाने सांगितलंय, आणि लगोलग म्हटलंय की गहू नसेल तर तांदळाचं पीठ घ्या, साखर घ्या किंवा गूळ. ज्याच्या घरात नाही त्याची सोय आधीच करून ठेवली आहे. 'मला आवडत नाही' याची सोय तेवढी नाही. आणि गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात केळी मिळाली नाहीत, असं तर आजी म्हणू शकत नाही!

भावाचं म्हणशील, तर कथेतल्या साधुवाण्याच्या मनातही भाव होताच. मूल झालं तर पूजा करीन म्हणाला. कलावती झाली, बायकोने, लीलावतीने, आठवण करून दिली, तेव्हा म्हणाला, हिच्या लग्नात करू. लग्नही झालं, पूजा राहिलीच. त्याने 'करत नाही' असं एकदाही म्हटलं नाही. दर वेळी आपल्या सोयीने तारीख तेवढी पुढे ढकलली. पुढे चोरीचा आळ येऊन जावयासकट तुरुंगात पडला, ते तू कथेत ऐकलंच आहेस.

मनासारखं बदलणं म्हणजे दर वेळी काही गाळणंच असतं असं नाही. देवाने न सांगितलेलं त्याच्या नावावर खपवणं हाही तोच प्रकार, आणि माझ्या मते जास्त वाईट. तू रोज नाशिकच्या काळाराम मंदिरावरून शाळेत जातेस ना? २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तिथे सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे काही वर्षं चालवला, तरी अस्पृश्य म्हटल्या गेलेल्यांना दार उघडलं नाही. सत्यनारायणाच्या कथेत ब्राह्मणाच्या घरी मोळीविक्या प्रसाद घेतो. तुंगध्वज राजा गवळ्यांचा प्रसाद नाकारतो, शंभर मुलं आणि राज्यवैभव गमावतो, आणि त्याच गवळ्यांत परत जाऊन बसतो तेव्हा कुठे सगळं परत मिळतं. ही कथा घरोघरी वाचणाऱ्या गावात ते दार बंद होतं. कुठल्या आज्ञेने, हे तिथल्या कोणाला तरी विचारायला हवं होतं.

तेव्हा पुढच्या पौर्णिमेला केळी तूच कुस्कर, वाटीही तूच मोजून भर. खाताना चिमूटभर घे हवं तर. कलावतीसारखा प्रसाद टाकून पळू नकोस म्हणजे झालं. किती खायचा ते पोथीत लिहिलेलं नाही.

तुझा,
बाबा