बैलाच्या डोळ्यात फिरणारा पांढरा किडा हत्तीरोगाचा असतो का?

तुमचा प्रश्न असा: बैलाच्या डोळ्यात पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा फिरतोय, गावातली माणसं म्हणतात हाच हत्तीपायाचा किडा, घरात लहान लेकरं आहेत, तर बैल विकून टाकावा का?

विकू नका. या किड्यानं लेकरांना हत्तीपाय होत नाही. बैलाचा डोळा मात्र जाऊ शकतो, म्हणून हे वाचून झालं की बैल दवाखान्यात न्यायची तयारी करा.

नांदेड जिल्ह्यात गुरांच्या दवाखान्यांत माझी सगळी नोकरी झाली. असे डोळे बरेच बघितलेत. आधी एक करा. बैल सावलीत उभा करून बाजूनं बॅटरी मारा. किडा डोळ्याच्या वरून सरकत कोपऱ्यातल्या पापणीखाली लपत असेल तर तो थेलाझिया. तो माश्यांमुळे येतो, फायलेरियाच्या, म्हणजे हत्तीरोगाच्या जंताच्या घराण्यातला नाही, आणि बहुतेकदा डोळा धुऊन, औषध घालून निघतो. पण किडा काचेच्या आड असल्यासारखा आत, डोळ्यातल्या पाण्यात पोहताना दिसला आणि पापणीपर्यंत कधी आलाच नाही, तर तो सेटारिया असणार. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला हाच वाटतो.

सेटारिया आणि हत्तीरोगाचा जंत एकाच घराण्यातले, दोघांनाही डासच पोचवतो. गावातली गल्लत तिथूनच होते. म्हणजे लोक अगदीच हवेत बोलत नाहीत, फक्त चुलत भावाला सख्खा समजतात.

सेटारियाचं खरं घर म्हणजे गायबैलाचं पोट. आतडं नव्हे, आतड्याच्या बाहेरची पोकळी. एकदा पावसाळ्याच्या तोंडावर वीज पडून मेलेला लाल कंधारी बैल पोस्टमार्टमला होता. मदतीसाठी त्याचा कागद लागतो. पोट उघडलं तर आतड्यांच्या वळ्यांवर बोटाएवढे लांब, दुधासारखे पांढरे जंत वळवळत होते, वीसेक तरी असतील. मालक म्हणाला, "म्हंजी इजेनं नाही, ह्येनंच मेला का काय?" तसं नव्हतं. आदल्या दिवशीपर्यंत तो बैल औत ओढत होता. स्वतःच्या या घरात हा जंत मुकाट राहतो, मालकाला पत्ताही लागत नाही. शेण तपासूनही सापडत नाही, कारण त्याची अंडी शेणात पडतच नाहीत. मादी सूक्ष्म पिल्लं सोडते, ती रक्तात फिरतात. डास ती रक्ताबरोबर ओढतो, त्याच्या अंगात दोनेक आठवड्यांत ती पुढच्या अवस्थेला जातात आणि डास पुन्हा चावला की दुसऱ्या जनावरात शिरतात.

घोटाळा होतो तो अळी वाट चुकली की. बैलाच्याच अंगात एखादी भरकटून डोळ्यात जाते, तसं तुमच्याकडे झालंय. पण तोच डास घोड्याला किंवा शेळीला चावला तर अळीला घर ओळखू येत नाही. ती मज्जारज्जूत शिरते, आणि काल चरणारी शेळी आज मागचे पाय ओढायला लागते. घोड्यांतल्या या कमरेच्या लुळेपणाला कुमरी म्हणतात. म्हणून मी बैलांपेक्षा त्याच गोठ्याला बांधलेल्या शेळ्यांची जास्त चौकशी करतो. शेळ्या रात्री बैलांपासून लांब बांधा, संध्याकाळी धूर करा, गोठ्यामागचं डबकं बुजवा.

आता लेकरांचं. हत्तीरोगाचा आपल्याकडचा जंत वुचेरेरिया. तो माणसातच वाढतो, त्याला जनावराचं घर नाही. मादी 8 ते 10 सेंटिमीटरची, लसिकावाहिन्यांत 6 ते 8 वर्षं जगते. तिची पिल्लं रात्री रक्तात वर येतात, कारण गटारीच्या पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास रात्री चावतो. हत्तीरोग विभागाची माणसं रात्री दहानंतर बोटाचं रक्त घ्यायला येतात ती उगाच नाही. हा जंत डासात वाढतो हे पॅट्रिक मॅन्सन यांनी 1877 मध्ये चीनमध्ये दाखवलं, पण डास पाण्यात मरतो आणि ते पाणी पिऊन माणसाला लागण होते, असा त्यांचा समज होता. अळी डासाच्या सोंडेतून येते हे कळायला 1900 साल उजाडलं. नांदेड हत्तीरोगाच्या जिल्ह्यांत मोडतो, तेव्हा गोळ्या वाटायला आले की तिथंच गिळा, उशाखाली ठेवू नका. बैलाशी त्याचा संबंध नाही. कुत्र्याच्या कातडीखालचा डायरोफायलेरिया नावाचा जंत कधीमधी माणसात गाठ करतो, पण तो काढला की विषय संपतो.

बैलाच्या डोळ्यात तंबाखूचं पाणी, मीठ, चुना काहीही घालू नका. जंत आत आहे, बाहेरून घातलेलं त्याला लागत नाही, बुबुळ मात्र भाजतं. नुसतं इंजेक्शन देऊन त्याला आत मारायलाही मी तयार नसतो. मेलेला जंत डोळ्यात कुजला तर सूज आणखी वाढते. आधी काढायचा, औषध नंतर.

काढणं बघायला सोपं असतं. माळेगावच्या जत्रेत घेतलेली एक घोडी आमच्याकडे आली होती, डोळा निळसर, सारखं पाणी गळायचं. मालकाला वाटलं फूल पडलं. बॅटरी मारली तर आत पांढरा दोरा इंग्रजी एस काढत होता. डोळा बधिर केला, बुबुळाच्या कडेला टोचलं, पाण्याची चिळकांडी उडाली आणि तिच्याबरोबर जंत माझ्या हातमोज्यावर येऊन पडला. मालक वाकून बघत म्हणाला, "डाक्टरसाहेब, ह्ये तर जित्तं हाय की!" बाटलीत घालून घरी न्यायचा हट्ट धरला, दिला.

घोडीला दिसायला लागलं, पण बुबुळावर निळसर डाग राहिला, कारण ती महिनाभर उशिरा आली होती. पुढच्या वर्षी त्याच जत्रेत मालक भेटला. गिऱ्हाईक तेवढा डाग दाखवून भाव पाडत होतं.