आई, काय खाल्लंस?

‘सेन्सर लावल्यापासून शुगर जास्तच वाढायला लागली. आधी फास्टिंग १३०, जेवणानंतर १७० असायची. आता जेवण झालं की २१०, २२०, वर पुन्हा चढता बाण. सेन्सरमुळे होतंय का हे? काढून टाकू?’ मधुमेहासाठी दंडाला सतत शुगर मोजणारा सेन्सर लावलेलं जवळपास प्रत्येक माणूस पहिल्या आठवड्यात हे विचारतं.

उत्तर सोपं आहे. शुगर आधीही तिथवर जात होती, फक्त दिसत नव्हती. लॅबमध्ये आपण एकदा उपाशीपोटी रक्त देतो आणि एकदा जेवणानंतर दोन तासांनी. शुगरची शेंडी, म्हणजे सगळ्यात उंच आकडा, बहुतेक वेळा तास-सव्वातासातच येऊन गेलेली असते. सेन्सरची दर पंधरा मिनिटांनी एक नोंद धरली, तरी दिवसाला ९६ आकडे. लॅबचे दोन आणि हे ९६, फरक पडणारच.

एवढं सांगून प्रश्न संपतो, पण काळजी तशीच राहते. कारण काळजी आकड्याची कमी आणि आकडा कोण बघतंय याची जास्त असते. ते मला एका बाईंमुळे नीट कळलं. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.

तासगावकडच्या एका गावात त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या. निवृत्त होऊन तीनेक वर्षं झालेली. सगळं गाव त्यांना बाई म्हणतं, मीही तेच म्हणते. चौदा वर्षांचा मधुमेह, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड अशा दोन गोळ्या, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ७.४. फार वाईट नाही, फार चांगली नाही. मुलगा हिंजवडीत. सुट्टीला आला तेव्हा त्यानं आईला सेन्सर लावला, मोबाईलमध्ये ॲप टाकलं आणि आईची शुगर स्वतःच्याही मोबाईलवर दिसेल अशी सोय करून घेतली. करण्यामागे प्रेमच होतं, यात शंका नाही.

बाई माझ्याकडे सल्ल्याला आल्या तेव्हा सोबत त्यांचे यजमान, काका होते. काका बोलत होते, बाई गप्प. मी विचारलं, “बाई, तुम्हाला काय वाटतं?” तर म्हणाल्या, “आयुष्यभर पोरांचे पेपर तपासले. आता रोज माझा तपासतोय तो, आणि रोज नापास.”

ताट पुढ्यात आलं की तासाभरात फोन. “आई, १९२, वर बाण आहे. काय खाल्लंस?” आमटी-भात म्हटलं की, “भात कशाला?” पोहे म्हटलं की, “किती?” पोरगा मीटिंगमध्ये असला की मेसेज. हेही बाईंनी चालवून घेतलं असतं. डोळ्यांत पाणी आलं ते पहाटेच्या गोष्टीवर. रात्री अकराला १२८ असलेली शुगर पहाटे पाचला १६४ झालेली त्याला दिसली. त्यानं विचारलं, “आई, पहाटे उठून काही खाल्लंस का? खरं सांग.”

“साठी उलटली माझी. चोरून खाते का मी?” बाई एवढंच म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला. काका खिडकीबाहेर बघत बसले.

पहाटेची वाढ हा मधुमेहातला नेहमीचा प्रकार. उजाडायच्या सुमाराला शरीर जागं व्हायची तयारी करतं, कॉर्टिसॉल, ग्रोथ हार्मोन वगैरे वाढतात आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडायला लागतं. ज्याचं इन्सुलिन पुरतं त्याला कळतही नाही. मधुमेह असेल तर उपाशीपोटी तीस-चाळीसनं आकडा चढू शकतो. खाण्याचा संबंध नाही, चोरीचा तर नाहीच. पण ग्राफवर कारण लिहिलेलं नसतं, तिथे फक्त चढ दिसतो. कारण बघणाऱ्यानं मनानं भरलं.

संशय आला की माणूस लपवायला लागतं. एका दुपारी बाई मोबाईल मुद्दाम घरी ठेवून मैत्रिणीच्या द्राक्षबागेत गेल्या आणि मनसोक्त द्राक्षं खाल्ली. फोन जवळ नाही, म्हणजे नोंद नाही, असा हिशोब. बऱ्याच सेन्सरमध्ये आठ तासांपर्यंतच्या नोंदी साठून राहतात, फोन जवळ आला की सगळ्या एकदम उतरतात. संध्याकाळी घरात पाऊल टाकलं आणि बागेतली दुपार मोबाईलवर हजर. मला हसू आवरलं नाही. बाईही हसल्या, त्या दिवशी पहिल्यांदाच.

पुढचं मात्र हसण्यासारखं नव्हतं. फोन नको म्हणून त्यांनी दुपारचं जेवण अर्ध्यावर आणलं, कधी नुसती काकडी-कोशिंबीर. गोळी मात्र नेमानं घेतली, कारण गोळी चुकवायची नाही हे डोक्यात पक्कं. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. पोटात अन्न आहे की नाही, याची वाट ते बघत नाही. ग्राफवर संध्याकाळी पाच ते सातच्या मध्ये तीन दिवस रेघ ७० च्या खाली गेलेली होती. “तेव्हा घाम यायचा, हात थरथरायचे. मला वाटलं बीपी,” बाई म्हणाल्या. २२० ची सगळ्या घराला धास्ती, आणि ६१ कडे कोणाचं लक्षच नाही. कारण तो आकडा ‘कमी’ होता आणि कमी म्हणजे चांगलं, असं घरात ठरून गेलेलं. तो ग्राफ मी त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवला. गोळीचा डोस त्यांनी निम्मा केला. मी डॉक्टर नाही, डोस बदलणं माझं काम नाही, आणि ग्राफ बघून स्वतःच गोळी कमी-जास्त करणं हे पेशंटचंही नाही.

रात्रीचा एक प्रसंग काकांनी सांगितला. दोन वाजता मोबाईल किंचाळला, ५८. काका घाबरून उठले. बाईंना हलवून जागं केलं, चार चमचे साखर पाण्यातून पाजली, पुन्हा ५८ दिसलं म्हणून नरसोबाच्या वाडीहून आणलेले दोन पेढे भरवले. सकाळी शुगर २४०. मी ग्राफ मोठा करून बघितला. रेघ कड्यावरून पडावी तशी सरळ खाली आलेली. बाईंना विचारलं, झोपता कोणत्या कुशीवर? डाव्या. सेन्सर कुठे? डाव्या दंडावर. सेन्सरची केसासारखी तार रक्तात नसते, ती कातडीखालच्या द्रवातली साखर मोजते. दंडावर अंगाचा भार पडला की तिथला प्रवाह दबतो आणि आकडा खोटाच खाली येतो. कूस बदलली की थोड्या वेळानं जागेवर. बाईंना त्या रात्री ना घाम होता, ना धडधड. बोट टोचून मीटरवर बघितलं असतं तर पेढे वाचले असते.

खरोखर शुगर उतरली तरीही घाई नडते. द्रवातला आकडा रक्ताच्या पाच-दहा मिनिटं मागे चालतो. साखर खाल्ल्यावर रक्तातली शुगर वर आलेली असते, सेन्सर अजून खालचंच दाखवत असतो, आणि घरचे भरवत सुटतात. म्हणून नियम असा: साधारण पंधरा ग्रॅम साखर, म्हणजे तीन छोटे चमचे पाण्यात. मग पंधरा मिनिटं थांबायचं आणि बोट टोचून बघायचं. तरीही ७० च्या खाली असेल तरच पुन्हा. माणूस ग्लानीत असेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना. आणि एरवीही अंगाला जाणवतंय एक, सेन्सर सांगतोय दुसरं, असं झालं की मीटरचं ऐकायचं.

मुलाशी मी फोनवर बोलले. तो वाद घालायच्या तयारीत होता. “मॅडम, मी इतक्या लांब आहे. मला दिसतंय आणि मी गप्प बसू?” त्याचंही खरंच होतं. मी त्याला विचारलं, “१९२ दिसल्यावर तुम्ही फोन केलात, त्यानंतर आईंनी काय करायचं असतं? जेवण तर पोटात गेलेलं आहे.” तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “खरं तर मला माझी धडधड कमी करायची असते.” इतकं सरळ उत्तर फार कमी लोक देतात.

त्याला मी डॉक्टरांच्या जगातला हिशोब सांगितला. २०१९ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी एकमतानं ठरवलेली चौकट अशी, की ७० ते १८० च्या दरम्यान दिवसाचा ७० टक्के वेळ जावा. म्हणजे साधारण सतरा तास. उरलेले सात तास बाहेर गेले तरी चालतं, फक्त ७० च्या खाली ४ टक्क्यांपेक्षा जास्त वेळ नको. वय झालेल्या, इतर आजार असलेल्या माणसांसाठी ७० टक्क्यांची अट ५० टक्क्यांपर्यंत सैल आहे, पण ७० च्या खालच्या वेळेची उलट कडक, १ टक्का. बाईंचा पहिल्या आठवड्यातला वेळ ६१ टक्के होता. नापास म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतं. मधुमेह नसलेल्या माणसाचीही शुगर भरपेट जेवणानंतर कधीकधी १४० ओलांडते, आणि म्हणूनच रील बघून हौसेनं सेन्सर लावणाऱ्या धडधाकट मंडळींची मला काळजी वाटते. असो.

मग ठरलं ते असं. मुलाच्या मोबाईलवरचा वरचा अलार्म बंद, खालचा चालू. ७० च्या खाली गेलं तर लगेच फोन, आणि पहिलं वाक्य “बोट टोचून बघितलंस का?” जास्तीच्या आकड्यावर फोन नाही, मेसेज नाही. रविवारी सकाळी आठवड्याचा ग्राफ दोघांनी मिळून बघायचा. आणि ‘काय खाल्लंस’ हे शब्द महिनाभर बंद. बाईंनी स्वतः आकडा बघायचा तो उठल्यावर, जेवणाआधी, जेवणानंतर दीड-दोन तासांनी आणि झोपताना. मधल्या वेळात मोबाईल उगाच उघडायचा नाही. पहिले काही दिवस मुलाला जड गेलं. दोनदा त्यानं काकांना गुपचूप फोन करून विचारलं, हेही काकांनीच सांगितलं.

फोन थांबले आणि बाईंमधली शिक्षिका जागी झाली. वही घातली. सगळ्यात उंच रेघ कोणत्या दिवशी आली असेल? एकादशीला. साबुदाण्याची खिचडी, बटाटा, दुपारी भगर. २६८. “उपास म्हणून देवाला सांगितलं, आणि सणापेक्षा जास्त खाल्लं की हो मी,” बाई म्हणाल्या. दुसरा धक्का भाकरीचा. ज्वारी मधुमेहाला चालते म्हणून त्या दोन मोठ्या भाकरी खायच्या आणि पोळीला हात लावायच्या नाहीत. ग्राफला फरक फारसा कळलाच नाही. भाकरी चांगलीच, पण किती हा प्रश्न तिलाही आहे. एक भाकरी, वाटीभर मटकीची उसळ, आधी कोशिंबीर आणि मग भाकरी, असं करून बघितल्यावर शेंडी बरीच बसली. जेवणानंतर मारुतीच्या देवळापर्यंत पंधरा मिनिटं चालून आल्या त्या दिवशी आणखी. भात त्यांनी सोडला नाही, मूठभर ठेवला. द्राक्षंही, मोजून दहा-बारा, आणि ती लपून नाही.

किरकोळ वाटतील अशा अडचणी तर असतातच. ब्लाउजची बाही घट्ट असते. उतरवताना त्यांचा दुसरा सेन्सर बाहीत अडकून निघाला, काही हजारांची वस्तू चौथ्या दिवशी कचऱ्यात. शिंप्याकडून बाही उसवून घेतली, सेन्सरवर जादा चिकटपट्टी लावली. भिशीत बायका विचारतात, हाताला काय लागलंय? बाई म्हणतात, “माझा सीसीटीव्ही.” अंघोळीला अडचण नाही, एमआरआयच्या वेळी मात्र बरेच सेन्सर काढावे लागतात. काही सेन्सरमध्ये व्हिटॅमिन सी च्या जादा डोसच्या गोळ्यांनी आकडा खोटा वाढतो, तेव्हा सर्दीसाठी अशी गोळी सुरू केली असेल तर सांगा. पहिल्या दिवशी आकडे जरा भरकटलेले असतात. लॅबचा आणि सेन्सरचा आकडा जुळत नाही म्हणून भांडायला येणारेही आहेत. लॅब १४८, सेन्सर १६३. एवढा फरक चालतो. बोट टोचायच्या मीटरलाही १५ टक्क्यांपर्यंतची सूट मान्य आहे.

बाई आता कायम सेन्सर लावत नाहीत. तीन-चार महिन्यांतून एकदा, डॉक्टरांकडे जायच्या आधीचे चौदा दिवस. एरवी मीटर आणि पट्ट्या. इन्सुलिन न घेणाऱ्या टाइप २ च्या, म्हणजे मोठ्या वयातल्या नेहमीच्या मधुमेहाच्या, बहुतेकांना माझ्या मते एवढं पुरतं. पेन्शनमधून वर्षभर सेन्सर घेण्यापेक्षा ते पैसे डोळ्यांच्या आणि पायांच्या तपासणीला लावा.

यातलं काहीही टाइप १ असलेल्या, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही अशा मुलांच्या आई-वडिलांनी जसंच्या तसं उचलू नये. तिथे रात्रीचा अलार्म आणि दुसऱ्याच्या मोबाईलवर दिसणारी शुगर यांनी खरोखर जीव वाचतात, सेन्सर बारा महिने लागतो आणि आकड्यावरून इन्सुलिन ठरतं. दिवसातून चार वेळा इन्सुलिन घेणाऱ्या मोठ्या माणसांचंही तसंच. गरोदरपणात तर मर्यादाच वेगळ्या, बहुधा ६३ ते १४०, आणि तिथे जेवणानंतरच्या वाढीकडे दुर्लक्ष करून चालत नाही. या तिघांनी कोणता अलार्म कितीवर ठेवायचा हे आधी डॉक्टरांशी बोलून ठरवावं, आणि येताना मोबाईलसोबत मीटरही आणावं.