गोणी पडवीत होती, मग दोष कुणाचा?

प्रश्न: ताई, नाव छापू नका. आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात. माझ्या चुलतभावाच्या मुलाला, वय 23, रात्री काजूच्या बागेत खवले मांजर सापडलं. कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर सांगितलं की लाखात जातं, गिऱ्हाईक बघून देतो. हा गोणी घेऊन गेला नि वनखात्याच्या सापळ्यात सापडला, भाव सांगणारा मात्र पसार. गोणी दोन दिवस आमच्या पडवीत होती, मी बघितली पण बोललो नाही. आता सगळे म्हणतात गरिबाचं पोर अडकलं, मोठे मोकळे. खरा दोषी कोण?

उत्तर: दादा, पडवीचं तुम्ही स्वतःहून लिहिलंत म्हणून मीही स्पष्टच लिहिते.

आधी कायद्याचं, कारण घरात कुणीतरी "दंड भरून सुटेल" म्हणत असणारच. नाही सुटणार. खवले मांजर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्याच रांगेत. गुन्हा सिद्ध झाला तर कमीत कमी 3 वर्षं, जास्तीत जास्त 7, वर दंड 25 हजारांपासून पुढे. वकील नीट बघा.

आता दोषाचं. दोष म्हणजे काय भाकरी आहे का, चौघांत वाटली की प्रत्येकाला चतकोर? मधल्या माणसाचा दोष मोठा, मला विचाराल तर सगळ्यात मोठा, कारण तो गावोगाव अशीच नडलेली पोरं हेरतो आणि माल सापडतो तेव्हा गोणी कायम दुसऱ्याच्या खांद्यावर असते. पण म्हणून पोराचा दोष कमी होत नाही. गरिबी खरी आहे हो, पण त्याच बागेत मजुरी करणारी बाकीची पोरंही गरीबच आहेत ना?

आणि गोणीत होतं काय, तर दात नसलेला प्राणी, मुंग्या नि वाळवी खाणारा, म्हणजे तुमच्याच बागेतली वाळवी. घाबरला की गोळा होतो, बिबट्यालाही तो गोळा सहजी उघडत नाही, माणसाला उघडायची गरजच नाही, उचलला नि टाकला गोणीत. पिल्लू बहुतेक एकावेळी एकच, आईच्या शेपटीवर बसून फिरतं. आणि ज्या खवल्यांसाठी लाखाची बोली ते केराटिन, आपली नखं ज्याची असतात तेच! 2016 साली त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी ठरली, 2020 मध्ये चीननेही औषधांच्या अधिकृत ग्रंथातल्या यादीतून खवले काढले. तरी सगळं चीनवर ढकलू नका, मूळव्याधीवर खवल्याची अंगठी घालणारे आपल्याकडेही आहेत.

गावाचं म्हणाल तर चिपळूण तालुक्यातल्या डुगवे गावाने खवलोत्सव केला, देवळात खवले मांजराच्या प्रतिकृतीची पूजा केली. तीही कोकणातलीच माणसं, तुमच्याआमच्यासारखी.

तुमचं म्हणाल तर त्या दोन दिवसांत पोराला कान धरून गोणीसकट वनपालाकडे नेलं असतंत, नाहीतर वनखात्याच्या 1926 या हेल्पलाइनला एक फोन केला असतात, तर गोष्ट इथवर आली नसती. ते आता राहिलं. आज एक करा, ज्या नंबरवरून भाव सांगितला तो पोराच्या लक्षात आहे का विचारा, चॅट कुणी डिलीट करू नका, आणि वकिलाला सांगून तो नंबर तपास अधिकाऱ्याकडे पोचवा. पोर घाबरून गप्प बसलं असेल, तर तुम्ही परत गप्प बसू नका.