आजोबांच्या जीपचं इंजिन काढायच्या आधी

बाबू,

तुझा मेसेज वाचला. चोर्ला घाटात जीप दम टाकते, तापते, पेट्रोल पिते, आणि गॅरेजवाला म्हणतो डिझेल टाकूया. सरळच सांगतो, माझं मत ओरिजिनल इंजिन ठेवायचं आहे, आणि ते काही आजोबांची आठवण म्हणून नाही.

गाडी सीजे-३बी (जुन्या विलीज जीपचं मॉडेल), आत हरिकेन नावाचं पेट्रोल इंजिन, चार सिलिंडर, २.२ लिटर. आधीच्या मॉडेलच्या इंजिनापेक्षा हे उंच म्हणून कंपनीने बोनेटच उंच केलं, म्हणजे तुला आवडतो तो चेहरा या इंजिनामुळेच आहे. आता नीट वाच. या इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह (पेट्रोल-हवा आत घेणारे) वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (धूर बाहेर सोडणारे) खाली ब्लॉकमध्ये असतात, आणि आजचे मेकॅनिक वरचं कव्हर उघडतात, टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारे भाग) आणि व्हॉल्व्हमधला गॅप सेट करतात, झालं म्हणतात, पण वर फक्त इनटेकचे असतात. एक्झॉस्टचे टॅपेट मॅनिफोल्डच्या (इंजिनाला लागून असलेल्या धुराच्या पाइपाच्या) खाली बाजूच्या प्लेटमागे, हात घालायला त्रासाचे, त्यामुळे वर्षानुवर्षं तिकडे कोण फिरकतच नाही. तिथला गॅप कमी झाला की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, गरम गॅस कडेने निसटतो, व्हॉल्व्ह जळतो, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) जातं आणि गाडी चढाला मरते. मग सगळे म्हणतात इंजिन संपलं.

म्हणून आधी कॉम्प्रेशन टेस्ट कर. इंजिन गरम करून, चारही प्लग काढून, एकेका प्लगच्या भोकात दाब मोजायचा गेज लाव आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मार. चारही आकडे जवळजवळ असले तर बरं. एखादा खूप कमी असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून परत बघ, आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. दोन्ही दुरुस्त होतात रे, आणि इंजिन बदलण्याच्या खर्चाच्या मानाने स्वस्तात होतात.

डिपस्टिक काढून वासही घे. पेट्रोलचा वास आला तर इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम (आतला रबरी पडदा) फाटलाय आणि पेट्रोल ऑइलमध्ये उतरतंय. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, जुनं रबर त्याने लवकर खराब होतं, शिवाय इथेनॉल पाणी ओढतं आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात गाडी उभी राहिली की टाकीत काय होत असेल बघ. डायफ्राम आणि पाइप इथेनॉल सोसणारे घाल. तापण्याचं म्हणशील तर रेडिएटर काढून आतून बाहेरून साफ करून घे, आपली लाल माती जाळीत घट्ट बसते, नुसता होज मारून निघत नाही.

आता डिझेलचं. इंजिन बसवणं कोणालाही जमतं, बाकीची गाडी त्याला साथ देते का हा प्रश्न आहे. तुझ्या अ‍ॅक्सलचा रेशो (चाक एकदा फिरायला शाफ्ट किती वेळा फिरतो ते) ५.३८ असेल, म्हणजे कमी आरपीएमचं डिझेल टाकलं की हायवेला गाडी बोंबलत जाणार आणि पळणार नाहीच. तीन गिअरचा टी-९० गिअरबॉक्स डिझेलचे धक्के किती दिवस खाणार? मग गिअरबॉक्स बदला, माउंटिंग कापा, पुढे वजन वाढलं म्हणून पाटे (स्प्रिंगा) बदला, आणि ब्रेक मात्र तेच ९ इंची ड्रम. अनमोड घाट उतरताना ते वजन तुलाच थांबवायचंय.

कुळ्याहून दूधसागरला जाणाऱ्या जीपवाल्यांचं उदाहरण तू दिलंस. त्यांचा तो रोजचा धंदा, दिवसभर पाण्यातून ये-जा, तिथे डिझेल बरोबरच आहे, पाण्यात डिस्ट्रिब्यूटर (पेट्रोल इंजिनात प्लगना ठिणगीचा करंट वाटणारा भाग) भिजायची कटकट नाही. तू महिन्यातून दोनदा नेत्रावळी नाहीतर वाळपईकडे जाणार. डिस्ट्रिब्यूटर कॅपला चांगला रबर बूट घाल, कॉइलच्या वायरी नवीन घे, ओहोळ उतरण्याआधी फॅन बेल्ट सैल कर म्हणजे फॅन पाणी उडवणार नाही, पलीकडे पोचलास की लगेच परत ताण कारण वॉटर पंपही त्याच बेल्टवर आहे.

आणि कागद. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलायला आरटीओची परवानगी लागते. न विचारता पेट्रोलचं डिझेल केलंस तर आरसीवरचं इंधन आणि इंजिन नंबर दोन्ही जुळणार नाहीत, पासिंग रिन्यू करताना अडकशील आणि अपघात झाला तर इन्शुरन्सवाले बोट ठेवतील. दुसरं म्हणजे पहिल्या रजिस्ट्रेशनला ५० वर्षं झाली असतील तर २०२१ च्या नियमांनी व्हिंटेज म्हणून नोंद करता येते, पण इंजिन-चॅसी मूळ हवी. ती नोंद केली की रोज रस्त्यावर फिरवता येत नाही हे लक्षात ठेव, तुला फिरायचंय म्हणून आत्ता करू नको, पण दार उघडं ठेव.

ब्लॉकलाच चीर गेली असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हाही आधी दुसरं हरिकेन शोधू, मडगाव, बेळगाव, कोल्हापूरच्या भंगारवाल्यांकडे मीपण विचारतो.

रविवारी टेस्ट करून चारही आकडे मला पाठव, ऑइल टाकल्यानंतरचे वेगळे लिही. आणि बाजूची प्लेट उघडायच्या आधी तिचं गॅस्केट आणून ठेव, जुनं हमखास फाटतं.

काका